कोकणातील गावांची नावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या एखाद्या गावाचे नाव ऐकले की बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो आणि गावातल्या माणसाकडे त्याचे उत्तर तयार असते. हे तयार उत्तर बहुतेक वेळा देवाची, ऋषीची किंवा राजाची एखादी गोष्ट असते. गोष्टी जपाव्यातच, परंतु नाव कसे पडले हे ठरवायचे असेल तर आधी गावाची जमीन पाहावी, मग जुन्यात जुनी लिखित नोंद पाहावी आणि गोष्टीकडे सर्वांत शेवटी वळावे. पुढील उत्तरे याच क्रमाने दिली आहेत.

कोकणातील बहुतेक गावांची नावे कशावरून पडली आहेत?

जमिनीच्या ठेवणीवरून. समुद्रात किंवा खाडीत लांबवर शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्याला दांडा म्हणतात. वेंगुर्ल्याजवळचा उभादांडा, मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूचा आगरदांडा, मुंबईतला खारदांडा ही नावे त्या आकारावरून आली आहेत. किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याला पुळण म्हणतात. गणपतीपुळ्याचे मूळ गाव नुसते 'पुळे', गणपती पुढे जोडला गेला. खाडीच्या किंवा नदीच्या पात्रात पाण्याने वेढलेल्या जमिनीला जुवे किंवा जुवा म्हणतात. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीतले जुवे आणि मालवण तालुक्यातले जुवा पाणखोल ही दोन्ही गावे होडीने गाठायची आहेत.

खाऱ्या पाण्याने तर किनाऱ्यावरच्या नावांवर मोठाच ठसा उमटवला आहे. भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते आणि जमीन खारी करते, तो भाग खार किंवा खारेपाट. विजयदुर्गच्या खाडीतून आत गेल्यावर बऱ्याच अंतरावर खारेपाटण लागते. आज महामार्गावरून जाणाऱ्याला हे घाटाच्या वाटेवरचे साधे बाजाराचे गाव वाटते. परंतु त्याच्या नावातला 'पाटण' म्हणजे पत्तन, अर्थात व्यापाराचे शहर. शके ९३० मधील शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट याच गावी सापडला. खाडीत गाळ भरत गेल्यावर गलबते मागे हटली, बंदर ओसरले आणि नाव मात्र जुन्या वैभवासह जागच्या जागी राहिले.

'आगर' म्हणजे काय, आणि ते इतक्या नावांत का येते?

किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत विहिरीच्या पाण्यावर केलेली नारळी-पोफळीची बाग म्हणजे आगर. गुहागर आणि दिवेआगर या गावांत आजही मुख्य रस्त्याच्या समुद्राकडील बाजूने चालत गेले, तर प्रत्येक घराच्या मागे आगर, आगरातून पुळणीकडे जाणारी पाखाडी म्हणजे दगडी पायवाट आणि त्यापलीकडे समुद्र हीच मांडणी दिसते. अशा गावाला दुसरे नाव पडणे अवघडच होते. दिवेआगर हे गाव किती जुने आहे याची साक्ष तेथील शके ९८२ च्या ताम्रपटात मिळते, जो मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो.

अलिबागच्या आजूबाजूच्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. आवास, सासवणे, किहीम, थळ, अक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा ही त्यातली गावे. सांगणाऱ्यागणिक एखादे गाव बदलते, आठ हा आकडा मात्र बदलत नाही. मीठ पिकवण्याच्या जागेलाही आगरच म्हणतात आणि मिठागरांवर राबणाऱ्या समाजाचे आगरी हे नाव त्यावरूनच आल्याचे सांगितले जाते. म्हणून नावात 'आगर' दिसल्यावर ते नारळाचे की मिठाचे, हे जमीन पाहूनच ठरवावे लागते.

झाडांवरून पडलेली नावे कोणती?

पोफळी, माडबन, फणसोप, कांदळगाव, आंबोली, चिंचघर. यादी वाढवायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्यांतले कांदळगाव विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण कांदळ म्हणजे खाडीकाठचे खारफुटीचे झाड आणि मालवणजवळच्या या गावाचे नाव तेथील किनाऱ्याचे जुने रूपच सांगते.

चौलला इतकी नावे का आहेत, आणि खरे नाव कोणते?

चौलइतके जुने आणि सलग पुरावे कोकणात फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहेत, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांमध्ये 'चेमुल' येते. ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात आणि टॉलेमीच्या भूगोलात तेच बंदर 'सेमिल्ला' किंवा 'सिमिल्ला' होते. अरब प्रवासी त्याला 'सैमूर' म्हणतात. शिलाहारांच्या लेखांत 'चेमूल्य' असे संस्कृत वळणाचे रूप सापडते आणि पोर्तुगीजांच्या काळापर्यंत मधला 'म' झिजून 'चौल' झालेले असते.

गावात विचारले तर मात्र चंपावती आणि रेवती ही नावे सांगितली जातात, आणि ती पौराणिक काळातली असल्याचेही आवर्जून सांगितले जाते. चाफ्याच्या झाडांवरून चंपावती, हे ऐकायला गोड आहे. परंतु चंपावतीपासून 'चौल' होण्यासाठी 'चेमुल' हा टप्पा मध्ये बसत नाही. दीड हजार वर्षे तीन वेगवेगळ्या भाषांच्या लोकांनी आपापल्या कानांनी ऐकून जे लिहिले, ते सर्व 'चेमुल'कडेच बोट दाखवते. अशा वेळी चंपावती हे गावाचे गौरवाचे नाव मानावे आणि चेमुल हे व्यवहाराचे.

याच्या नेमके उलट उदाहरण किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला आहे. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे नाव ऐकून कोणालाही रेवती आठवणार नाही. परंतु चालुक्य राजा मंगलेशाने जिंकलेले 'रेवतीद्वीप' म्हणजे हीच रेडी, असे अभ्यासक मानतात. मंगलेशाचा पुतण्या दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळे येथील प्रशस्तीत रेवतीद्वीपाच्या स्वारीचा उल्लेख आहे.

कल्याण, ठाणे आणि सोपारा ही नावेही तितकीच जुनी आहेत का?

होय. कल्याणचा उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आणि पेरिप्लसमध्ये येतो. ठाणे म्हणजे शिलाहारांचे 'श्रीस्थानक'. सोपारा म्हणजे 'शूर्पारक'. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला. आज लोकलच्या फलकावर जे नालासोपारा वाचतो, त्यात नाळे आणि सोपारा ही दोन गावे एकत्र आली आहेत.

गावाच्या नावामागच्या दंतकथा खऱ्या मानाव्यात का?

श्रद्धा म्हणून मानण्यास कोणाची हरकत नाही. व्युत्पत्ती म्हणून मानताना सावध राहावे. चिपळूणचा संबंध परशुराम आणि चित्तपावनांच्या कथेशी जोडला जातो, बाणकोटचा संबंध परशुरामाने समुद्र हटवण्यासाठी सोडलेल्या बाणाशी. अशा कथांची घडण बहुधा सारखीच असते: आज प्रचलित असलेले नाव घ्यायचे, त्याचे दोन संस्कृत तुकडे पाडायचे आणि त्या तुकड्यांना एक प्रसंग जोडायचा. कथा जुळण्यासाठी नावाचे आजचेच रूप लागत असेल तर शंका घ्यावी, कारण शेकडो वर्षे बोलले गेलेले नाव आजच्या रूपात सुरुवातीपासून असणे जवळजवळ अशक्य असते.

मालवणच्या बाबतीत दोन्ही स्पष्टीकरणे जमिनीवरचीच आहेत, त्यामुळे वाद रंगतो. एक म्हणते की माडांचे वन म्हणून मालवण. दुसरे म्हणते की मिठागरांमुळे 'महालवण' आणि त्याचे मालवण. मालवणात माडही आहेत आणि मिठाची परंपराही आहे. आमचा कल मिठाकडे आहे, कारण माड तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात आहेत आणि शेजारच्या गावापासून वेगळेपण दाखवणारी गोष्टच सहसा नावात उतरते.

अलिबागमधला अली कोण?

अली नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने येथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या आणि 'अलीची बाग' म्हणून गाव ओळखले जाऊ लागले, एवढे सर्वत्र सांगितले जाते. हा अली मुसलमान होता असे एक परंपरा सांगते. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला होता असे दुसरी सांगते. या समाजाचा किनाऱ्यावरील वावर त्यांच्या आडनावांतूनच कळतो: किहीमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, आपटेकर.

'जंजिरा' हे एकाच किल्ल्याचे नाव आहे का?

मुळात नाही. अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, आणि त्यावरून मराठीत पाण्यातल्या किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. जुन्या कागदपत्रांत 'जंजिरे सिंधुदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग' असे उल्लेख येतात. सिद्दीचा किल्ला शेवटपर्यंत अजिंक्य राहिला आणि सामान्य नाम त्याच्या एकट्याच्या नावावर जमा झाले. किनाऱ्यावरच्या मुरुडशी जोडून त्याला 'मुरुड-जंजिरा' म्हणतात; दापोली तालुक्यातही एक मुरुड आहे.

राज्यकर्त्यांनी बदललेली नावे टिकली का?

काही टिकली, काही विरली, आणि कोणती टिकली हे पाहणे उद्बोधक आहे. घेरिया हे नाव शेजारच्या गिर्ये गावावरून आले होते; शिवाजी महाराजांनी त्या किल्ल्याला विजयदुर्ग म्हटले. इंग्रजांनी १७५६ मध्ये तो घेतला, तेव्हाही त्यांच्या कागदांत 'घेरिया'च होते. आज घेरिया पुस्तकांत उरले आहे आणि विजयदुर्ग लोकांच्या तोंडी आहे. सुंदरवाडीचे सावंतवाडी झाले तेही राज्यकर्त्या सावंत-भोसले घराण्यामुळे. तेथील आणि आजूबाजूच्या गावांतील माणसे मात्र दोन्ही विशेषणे गाळून नुसते 'वाडी' म्हणतात. "वाडीक जाऊन येतंय" असे कोणी म्हणाले की कोणती वाडी, हे विचारावे लागत नाही.

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिला बाजीपूर हे नाव मिळाले. पोर्तुगीजांचे 'बसाईं' आणि इंग्रजांचे 'बॅसीन' आपापल्या नकाशांवर होतेच. यांपैकी एकही आज वापरात नाही. बाणकोटच्या किल्ल्याचे मराठ्यांनी हिम्मतगड आणि इंग्रजांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' असे बारसे केले. गाव बाणकोटच राहिले. दापोलीत १८१८ नंतर इंग्रजांची छावणी बसली आणि 'कॅम्प दापोली' रूढ झाले. छावणी गेल्यावरही बराच काळ लोक त्या भागाला कॅम्पच म्हणत राहिले, कारण तिथे एक नवी वस्ती खरोखरच उभी राहिली होती. जिथे नव्या नावाबरोबर काहीही नवे बसले नाही, तिथे लोकांनी जुनेच नाव चालू ठेवले, असे या सर्व उदाहरणांवरून आम्हाला वाटते.

जिल्ह्यांची नावे किल्ल्यांवरून का आहेत?

कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. विशेष म्हणजे कुलाबा हेही किल्ल्याचेच नाव होते: अलिबागसमोरच्या पाण्यातला तो कुलाबा किल्ला. मुंबईतल्या कुलाब्याशी होणारा घोळ त्यामुळे मिटला. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला; त्याचे नाव मालवणच्या कुरटे बेटावरील किल्ल्यावरून आहे, मुख्यालय मात्र ओरोस येथे. मुख्यालयाच्या परिसराला सिंधुदुर्गनगरी हे नाव मिळाले असले, तरी तिकीट काढताना बहुतेक जण ओरोसच म्हणतात. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा शहराच्याच नावाने ओळखला जातो.

खुर्द, बुद्रुक, कसबा, मौजे आणि तर्फ यांचा अर्थ काय?

खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक म्हणजे थोरले. दोन्ही शब्द फारसीतून आले, बुद्रुक हे 'बुजुर्ग'चे रूप. येथे थोरलेपण मूळ वस्तीचे असते, लोकसंख्येचे असेलच असे नाही, त्यामुळे एखादे खुर्द आपल्या बुद्रुकपेक्षा मोठे झालेले दिसते. मौजे म्हणजे साधे गाव, कसबा म्हणजे बाजारपेठेचे व कारभाराचे मुख्य गाव, जसे कसबा संगमेश्वर. तर्फ हा जुन्या महसुली व्यवस्थेतला तालुक्याखालचा विभाग. तो विभाग केव्हाच गेला, पण एकाच नावाची दोन गावे वेगळी ओळखण्यासाठी सातबाऱ्यावर तो राहिला आहे: चिपळूण तालुक्यात मुंढे तर्फ चिपळूण आणि मुंढे तर्फ सावर्डे अशी दोन गावे आहेत.

'वेंगुर्ला' बरोबर की 'वेंगुर्ले'? 'रोहा' की 'रोहे'?

मराठी वळण 'वेंगुर्ले', 'रोहे', 'लांजे', 'म्हसळे' असे नपुंसकलिंगी आहे, आणि जुन्या लेखनात शेवटच्या अक्षरावर अनुस्वारही असे. इंग्रजी कागदांत शेवटी 'आ' लिहिला गेला, तो फलकांवर आणि मग आपल्याही तोंडी आला. ठाण्याचे 'ठाणा' हे त्याच जातीचे. गंमत अशी, की नावाला विभक्ती लागली की भांडण संपते. वेंगुर्ल्याला, रोह्याहून, लांज्यात: दोन्ही पक्ष एकच रूप बोलतात. औपचारिक लेखनात 'ए'कारान्त रूप वापरावे, असे आमचे मत आहे. मात्र रेल्वेच्या किंवा सरकारी अर्जावर तेथे छापलेलेच रूप लिहावे.

स्थानकांच्या नावात 'रोड' का असते?

राजापूर रोड, सावंतवाडी रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड. मार्ग ज्या रेषेत गेला ती रेषा शहरापासून लांब पडली, म्हणून 'या शहराकडे जाणारा रस्ता येथून' एवढेच ते सांगते. सावंतवाडी रोड स्थानक प्रत्यक्षात मळगावात आहे. कोकण रेल्वे पूर्ण लांबीने जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून नवखे प्रवासी 'रोड'कडे दुर्लक्ष करून रिक्षाच्या भाड्याने चकित होत आले आहेत.

वैभववाडी हे नाव नवे आहे का?

तेथील नगरपंचायतीचे अधिकृत नाव 'वाभवे-वैभववाडी' असे आहे, आणि त्या जोडनावातच उत्तर आहे. वाभवे हे गावाचे नाव. कानाला ओबडधोबड वाटणाऱ्या ग्रामनामाशेजारी अर्थपूर्ण वाटणारे संस्कृत वळणाचे नाव येणे, ही प्रवृत्ती कोकणात अन्यत्रही दिसते. दोन्ही नावे एका पाटीवर ठेवण्याचा हा मार्ग आम्हाला समंजस वाटतो. याच धर्तीचे दुसरे नाव कसई-दोडामार्ग.

सर्वांत लहान नावाचे गाव कोणते?

राजापूर तालुक्यातील 'भू'. एकाक्षरी नावाला याहून लहान होण्यास वाव नाही.

आडनावावरून मूळ गाव शोधता येते का?

पुष्कळदा येते. तेंडुलकर तेंडोलीचे, परुळेकर परुळ्याचे, वालावलकर वालावलचे, केळुसकर केळूसचे, आचरेकर आचऱ्याचे, मसुरकर मसुऱ्याचे. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की आडनाव गावात राहणाऱ्याला सहसा पडत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्याला तिथले लोक त्या नावाने ओळखू लागतात. त्यामुळे चिपळूणकर चिपळुणात कमी आणि बाहेर जास्त भेटले, तर आश्चर्य वाटू नये.

गावाचे नाव बदलायचे असल्यास काय करावे लागते?

ग्रामसभेचा किंवा नगरपालिकेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य शासनाकडे प्रस्ताव आणि केंद्रीय गृह मंत्रालयाची ना-हरकत, असा हा प्रवास आहे. गृह मंत्रालय १९५३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रस्ताव तपासते आणि रेल्वे, टपाल व भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे म्हणणे घेते. ठोस कारण असल्याशिवाय लोकांच्या सरावाचे नाव बदलू नये, असा त्या तत्त्वांचा रोख आहे. वस्त्यांची आणि वाड्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा डिसेंबर २०२० चा निर्णय हा याहून वेगळा विषय आहे. कोकणात प्रत्येक गाव वाड्यांत विभागलेले असल्यामुळे त्याचा संबंध येथे बऱ्याच ठिकाणी येतो.

माझ्या गावाच्या नावाचा शोध कसा घ्यावा?

सुरुवात सातबाऱ्यापासून करावी, कारण त्यावर गावाचे नाव तर्फ किंवा बुद्रुकसह पूर्ण असते. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा आपल्या जिल्ह्याचा खंड पाहावा. रत्नागिरी व सावंतवाडीचा १८८० चा आहे, ठाण्याचे १८८२ चे, कुलाबा व जंजिऱ्याचा १८८३ चा. त्यांतली व्युत्पत्ती प्रत्येक वेळी ग्राह्य असते असे नाही, परंतु त्या काळी नाव कसे उच्चारले जात होते हे इंग्रजी लेखनावरून कळते. ग्रामदैवताच्या देवळात गाऱ्हाणे घालताना गावाच्या सीमा, वाड्या आणि राखणदार यांची नावे घेतली जातात. ती लिहून घ्यावीत, कारण कागदावरून पुसलेली कित्येक नावे तिथे ऐकू येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना गावाच्या नावाचा अर्थ विचारण्याऐवजी खाचरांची, पाणंदींची, पाणवठ्यांची आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या जागांची नावे विचारावीत. अर्थ विचारला की गोष्ट मिळते. जागा विचारल्या की गावाच्या नावातला शब्द एखाद्या कोंडाला किंवा वहाळाला (ओढ्याला) चिकटलेला सापडतो, आणि मग तिथे जाऊन तो कोंड, तो वहाळ स्वतः पाहता येतो.